पाय उचलायचा नाही

या, असे पुढे सरका. दाराशी बसलात ते तुम्हीही जवळ या, ही गोष्ट ओरडून सांगवत नाही. आंध्रातल्या नंद्याळकडची आहे, रक्ताची आहे. पण देवाचं नाव घेऊन बसलात तर शेवटपर्यंत ऐकवेल.

मद्दिलेटी ड्रायव्हर. त्याच्याकडे मालकाची पंधरा वर्षांची पेट्रोल गाडी. सकाळी चावी फिरवायचा अवकाश, लगेच गुरगुरायची. पण वैशाखात तासभर पळवून जरा थांबवली, की पुन्हा सुरू व्हायचं नाव नाही. स्टार्टर नुसता खरखरत राही. अर्धा तास गार पडली की मात्र गुमान चाले. मद्दिलेटी भोळा माणूस. चहाच्या टपरीवर भेटेल त्याला उपाय विचारायचा.

"अन्ना, तुझी गाडी सरकारी नोकरीत लागलीय," मालकाचा राखणदार सुंकण्णा सगळ्यांदेखत म्हणायचा. "दुपारची झोप पाहिजेच तिला!"

टपरी हसायची. कोणी म्हणे, पेट्रोल वर चढत नाही, पंपावर ओलं फडकं गुंडाळ. कोणी म्हणे, जास्त पेट्रोल जायला चोक ओढ, ॲक्सिलरेटरवर पायानं पंप मार. मद्दिलेटीनं सगळं करून पाहिलं. ज्या मुलखात मालकाच्या आणि दुसऱ्या एका घराण्याच्या वैरापायी माणसं कोंबड्यांसारखी कापली जात, तिथं आपल्या गाडीचं दुखणं चव्हाट्यावर मांडू नये, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

मग मालकाच्या गोटातल्या म्हाताऱ्या ओबुळम्माच्या साक्षीचा दिवस आला. तिच्या नवऱ्याला दुसऱ्या घराण्याच्या माणसांनी तिच्या डोळ्यांदेखत शेतात तोडलं होतं. ती अकरा वाजता कोर्टात उभी राहिली नाही, तर चौघे मारेकरी सुटणार होते. म्हातारी मागच्या सीटवर पुटपुटत नरसिंहस्वामीचा धावा करत होती. सुंकण्णा पुढे बसला होता, मांडीवर कोयता.

नंद्याळच्या अलीकडे रेल्वेचं फाटक लागलं होतं. मालगाडी सरता सरेना. मद्दिलेटीनं इंजिन बंद केलं नव्हतं, पण ते आपलं आपण थरथरलं, दोन आचके दिले आणि गप्प झालं. फाटक उघडलं. पुढची बस गेली. यांची गाडी तिथंच.

चिंचेआडून दुसऱ्या घराण्याचे चौघे निघाले. कुणालाही घाई नव्हती. टपरीवरची गोष्ट त्यांच्याही कानी गेली होती; अर्धा तास आपलाच आहे, हे त्यांना ठाऊक होतं.

पहिला गावठी बाँब बॉनेटपुढे फुटला. काच फुटून मद्दिलेटीच्या गालात, कपाळात रुतली. "पेद्दम्मा, खाली वाक!" असं म्हातारीला ओरडत त्यानं चावी फिरवली. खर्र, खर्र. पाय पंप मारत होता.

"चोक ओढ अन्ना, चोक!" सुंकण्णा ओरडला.

मद्दिलेटीचा हात चोकपर्यंत गेला आणि तिथंच थांबला. नाकात पेट्रोलचा भपकारा शिरला होता. नरसिंहानंच बुद्धी दिली म्हणा.

"उपाशी नाहीये रे ही! पोट फुटेस्तोवर प्यालीय!"

तापलेल्या कार्बोरेटरमधलं पेट्रोल उकळून आत सांडत होतं, आणि पंधरा दिवस तो पायानं आणखी ओतत होता. तिला पेट्रोल नको होतं, हवा हवी होती. ॲक्सिलरेटर दाबून धरला की हवेची वाट सताड उघडी राहते; त्यानं तो तळापर्यंत दाबला आणि चावी धरून ठेवली.

"आता पाय उचलायचा नाही. उचलला की संपलं."

"किती वेळ?"

"वीस मोजेपर्यंत."

"मोज," म्हणत सुंकण्णा खाली उतरला.

पहिल्याचं मनगट त्यानं एका घावात उडवलं. दुसऱ्याचा कोयता त्याच्या मानेजवळ बसला, तरी त्या माणसाला त्यानं मिठी मारून खाली पाडलं. तिसरा खिडकीशी आला. मद्दिलेटीच्या उजव्या खांद्यावर घाव बसला, हाड मोडल्याचं त्यानं स्वतःच्या कानांनी ऐकलं. चावीवरचा हात लुळा पडला, तसा त्यानं डाव्या हातानं ती धरली. दुसरा घाव. सगळं अंग पेटलं, किंचाळलं. पाय तेवढा खिळ्यानं ठोकल्यासारखा तिथंच राहिला.

अकरा. बारा.

तिसरा घाव खाली आलाच नाही. रांगत आलेल्या सुंकण्णानं त्या माणसाचे पाय मागून ओढले होते.

इंजिन खोकलं. मागून काळा धूर फुटला, आणि गाडी डरकाळली.

"सुंकण्णा, चढ!"

सुंकण्णाच्या गळ्यातून शब्द फुटत नव्हता. दोघे त्याच्यावर तुटून पडले होते. त्यानं फक्त रक्ताळलेला पंजा रुळांकडे हलवला. जा.

मद्दिलेटी रडत, एका हातानं गाडी हाकत निघाला. थांबला असता तर तिघंही गेली असती. तेवढं कळण्याइतका तो शहाणा होता, आणि ते विसरता न येण्याइतका भला.

ओबुळम्मा काचा टोचलेल्या अंगानं कोर्टात उभी राहिली. चारही नावं तिनं एकेक करून घेतली. आवाज एकदाही कापला नाही.

मद्दिलेटी वाचला. कुणी शाबासकी दिली तर म्हणतो, "माझ्याच तोंडानं त्याला मारलं." त्याचं समाधान देवच करो. पण सुंकण्णाला ना बायको, ना मूल. त्याचं नाव घेणारं मागे कुणी नाही. म्हणून बाबांनो, घरी जाऊन देवापुढे हात जोडाल तेव्हा क्षणभर त्याची आठवण काढा.