पुढच्या आवृत्तीत बघू

वर्तुळ पूर्ण झालं नव्हतं. हिरव्या शाईची रेघ जिथून निघाली तिथे परत येता येता थांबली होती आणि सुरुवात नि शेवट यांच्यामध्ये एक बारीकशी फट राहिली होती. भिंगरीने ट्रेसिंग पेपर खिडकीशी धरला आणि पट्टी लावली. अर्धा मिलिमीटर, किंवा त्याहून किंचित कमी. बाकी रेघ सगळीकडे सारख्या जाडीची होती. फटीच्या जागी मात्र कागद जरा जास्त चकाकत होता. हे तिच्या नजरेला पडलं, पण डोक्यात शिरलं नाही, कारण डोकं सोबतची तक्रार वाचण्यात गुंतलं होतं.

"महोदया," तक्रारीत म्हटलं होतं, "सविनय कळवण्यात येते की, आपल्या प्लॉटर ड्रायव्हरच्या चालू आवृत्तीत मोठ्या त्रिज्येचे वर्तुळ हिरव्या पेनाने काढले असता ते मिटत नाही. दोष नेहमी येत नाही, अधूनमधून येतो. नमुना सोबत जोडला आहे. योग्य ती कार्यवाही व्हावी, ही विनंती. आपला, एक वापरकर्ता."

तक्रार सगळ्या जगाला दिसेल अशी प्रकल्पाच्या संकेतस्थळावर नोंदवलेली होती. नमुना मात्र दाराखालून आत सरकवलेला होता. एक वापरकर्ता म्हणजे तिचे बाबा, आणि ते शेजारच्या खोलीत होते.

भिंगरी हे तिचं घरातलं नाव. लहानपणी एका जागी ठरत नसे म्हणून पडलेलं. पुढे ती काचा तपासणाऱ्या प्रयोगशाळेत लागली आणि दिवसभर एकाच स्टुलावर बसू लागली. खरं तर तेव्हा नाव बदलायला हवं होतं, पण समोर सतत भिंगं असल्यामुळे ते उलट जास्तच घट्ट चिकटलं.

बाबांनी जन्मभर नकाशांच्या कचेरीत आरेखकाचं काम केलं. ते निवृत्त झाले त्याच सुमारास कचेरीने आपला जुना प्लॉटर भंगारात काढला. कागदावर पेन फिरवून नकाशे काढणारं, शिवणयंत्राहून मोठं आणि पलंगाहून लहान असं हे यंत्र बाबांनी घरी आणून जेवणाच्या टेबलावर ठेवलं. "जागा होईपर्यंत," असं ते आईला म्हणाले. जागा अजून झाली नव्हती. यंत्र बनवणारी कंपनी केव्हाच बुडाली होती आणि नवे संगणक त्याला ओळखसुद्धा दाखवत नव्हते. म्हणून भिंगरीने त्याच्यासाठी ड्रायव्हर लिहिला. ड्रायव्हर म्हणजे संगणक आणि यंत्र यांच्यामधला दुभाष्या. तो तिने एका ओपन सोर्स ऑपरेटिंग सिस्टिममध्ये घातला. ही सिस्टिम कुणा एकाच्या मालकीची नाही; देशोदेशीची माणसं फावल्या वेळात तिची डागडुजी करतात आणि उरलेल्या वेळात डागडुजीवरून भांडतात.

यंत्रात काही बिघडलं तर बाबांनी हाक मारायची आणि भिंगरीने जाऊन बघायचं, इतकं ते सोपं असायला हवं होतं. पण बाबांना तोंडी काम मान्य नव्हतं. "घर वेगळं, काम वेगळं," ते म्हणत. "तोंडी सांगितलेल्या कामाला पुरावा नसतो." जेवताना तिने विषय काढलाच तर ते पानातून मान वर न करता म्हणत, "तक्रार नोंदवली आहे. क्रमाने बघ."

तक्रारी खऱ्या होत्या, निदान पूर्वी तरी. एकदा प्रकल्पातल्या कुणीतरी यंत्रं संगणकाला जोडणाऱ्या पोर्टचा कोड 'स्वच्छ' केला. तेव्हापासून संगणक सुरू केला रे केला की प्लॉटर दचकून जागा व्हायचा, पेन टेकवायचा आणि आपल्या कागद ठेवायच्या पाटावर जे असेल त्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत निळी रेघ ओढायचा. पहिल्या दिवशी पाटावर आईने वाळत घातलेला पांढरा मेजपोस होता. आईने तो उचलून उजेडात बघितला.

"रेघ सरळ आहे, हे कबूल," ती म्हणाली. "धुऊन जाणार नाही, हेही कबूल."

बाबांनी लगेच तक्रार टाकली: "यंत्र विनाकारण रेघ ओढते. घरगुती नुकसान: मेजपोस एक." त्यावर प्रकल्पातल्या सतरा जणांनी हसरे चेहरे टाकले, आणि त्या मेजपोसाबद्दल तिसऱ्याच खंडातल्या एका माणसाने आईची माफी मागितली. आईने ती माफी तीनदा वाचून दाखवायला लावली.

प्रकल्पात एक माणूस होता. त्याला सगळे झाडू म्हणत. प्रत्येक नव्या आवृत्तीआधी तो जुने, बेवारस ड्रायव्हर झाडून बाहेर काढी. त्याचा नियम साधा होता: ज्या ड्रायव्हरबद्दल दोन वर्षांत एकाही वापरकर्त्याने चकार शब्द काढला नाही, तो बाहेर. भिंगरीच्या ड्रायव्हरबद्दल शब्द निघत होते, पण एकाच तोंडून. म्हणून झाडू तिला दर वेळी विचारी, ठेवायचा की काढायचा. आणि ती दर वेळी एकच उत्तर देई: पुढच्या आवृत्तीत बघू.

हे वाक्य घरात इतकं रुळलं की बाबांचे केस कापायचे असोत की न्हाणीघरातला गळका नळ असो, सगळं पुढच्या आवृत्तीत जाऊन पडू लागलं. "तुम्हा बापलेकींची ती पुढची आवृत्ती एकदाची आली ना," आई म्हणे, "तर मला घरात पाय ठेवायला जागा उरणार नाही."

या खेपेला मात्र झाडूने पाचर मारून ठेवली होती. सूक्ष्मदर्शकाच्या कॅमेऱ्यांचा अख्खा विभाग बेवारस पडला होता. "तू घेतेस का?" त्याने विचारलं होतं. "तुझ्याइतकं त्यातलं इथे कुणाला कळत नाही. पण तो आणि तुझा प्लॉटर, दोन्ही तुला झेपायचं नाही. तुझा तो एकच वापरकर्ता फार सभ्य माणूस आहे, पण एकच आहे. शुक्रवारपर्यंत सांग."

भिंगरीला तो विभाग हवा होता. नुसता हवा नव्हता, तिचा जीव त्यात अडकला होता. प्रयोगशाळेत एक उत्तम सूक्ष्मदर्शक होता आणि त्याचा कॅमेरा केवळ ड्रायव्हर नाही म्हणून आंधळा होऊन बसला होता. येता जाता ती त्याच्याकडे बघे आणि अपराध्यासारखी पुढे जाई. पण प्लॉटर काढायचा म्हणजे बाबांच्या हातातलं काम काढायचं. निवृत्त झाल्यावर पहिले काही महिने बाबा खिडकीत बसून समोरच्या इमारतीच्या खिडक्या मोजायचे, हे ती विसरली नव्हती. हे त्यांना कसं सांगायचं? तक्रार नोंदवून?

म्हणून आधी वर्तुळ. तिने संध्याकाळी कोड उघडला, वर्तुळाचे कंस काढणारा भाग ओळीओळीने वाचला, पेन टेकल्यानंतर थांबायचा वेळ वाढवला, कमी केला. मग प्लॉटरपाशी खुर्ची घेऊन बसली आणि हिरव्या पेनाने वर्तुळ काढलं. मिटलं. दुसरं काढलं. तेही मिटलं. डझनभर वर्तुळं निघाली, सगळी मिटलेली. बाबा पाठीमागे हात बांधून उभे होते.

"आत्ता होत नाहीये," ते म्हणाले.

"मग केव्हा होतं, बाबा?"

"तू कामावर गेलीस की."

"तुझ्या बाबांचा तापही असाच," आई आतून म्हणाली. "डॉक्टर समोर आला की उतरतो."

दुसऱ्या दिवशी ती कामावरून परतली तर दाराखाली नवा नमुना. फट तेवढीच, जागा वेगळी. तिसऱ्या दिवशी आणखी एक. भिंगरीच्या नाकी नऊ आले. वेळ बदलून पाहिली, केबल बदलून पाहिली, आपण घरात असण्याचा आणि यंत्राच्या विजेचा काही संबंध आहे का, याचाही गंभीरपणे विचार केला. गुरुवारी तिने हात टेकले आणि नमुना पिशवीत घालून प्रयोगशाळेत नेला.

दुपारी जेवायला सगळे बाहेर गेल्यावर तिने तो सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि कॅमेऱ्यावाचून, डोळा लावूनच आत पाहिलं. फटीच्या जागी कागद कोरा नव्हता. तंतूंच्या आत खोलवर हिरवे ठिपके होते. पेनाच्या टोकाने दाबलेली खाच एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे सलग गेली होती. पेन तिथून गेलं होतं, आणि शाईही सोडून गेलं होतं. ती शाई नंतर कुणीतरी पात्याने हलकेच खरवडली होती आणि वर नखाने कागद घोटून गुळगुळीत केला होता. जुने आरेखक चुकलेली रेघ अशीच काढत. ओरखडे तिरके होते, डावखुऱ्या हाताचे. घरात डावखुरं माणूस एकच होतं.

भिंगरीने सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला. मग तिला हसू आलं, आणि हसू ओसरल्यावर जरा भीतीच वाटली. इतकं बारीक काम करून खोटी तक्रार करणाऱ्या माणसाला तो ड्रायव्हर किती हवा असेल.

घरी आल्यावर तिने शिस्त मोडली नाही. आपल्या खोलीत बसून तक्रारीखाली लिहिलं: "नमुन्याची तपासणी केली. शाई पात्याने खरवडल्याच्या खुणा आढळल्या. वापरकर्त्याने खुलासा करावा."

शेजारच्या खोलीत खुर्ची करकरली. थोड्या वेळाने आई दारात आली.

"काय लिहिलंस गं त्यांना? चष्मा काढून बसलेत. चष्म्याशिवाय त्यांना भिंतसुद्धा दिसत नाही."

"काही नाही. खुलासा मागितला."

"मग जेवायला ये आणि तिथे माग. त्या यंत्रासमोरच काय ते होऊ दे."

टेबलाचा अर्धा भाग प्लॉटरकडे होता. उरलेल्या अर्ध्यात तीन ताटं अंग चोरून बसायची. बाबा आले, आपल्या जागी बसले आणि पाण्याचा पेला विनाकारण इकडून तिकडे सरकवला.

"खुलासा लेखी देऊ?" त्यांनी विचारलं.

"तोंडी चालेल."

"तूच एकदा म्हणाली होतीस," बाबा पेल्याकडे बघत म्हणाले, "की दोन वर्षं कुणी काही बोललं नाही तर तो झाडू ड्रायव्हर काढून टाकतो. म्हटलं, आपण बोलत राहावं. आधी खरे दोष सापडायचे. मग तू सगळे दुरुस्त केलेस. आता माणसाने आणायचे कुठून?"

"म्हणून वर्तुळं खरवडलीत?"

"बारीक केलं होतं मी," बाबा जरा दुखावून म्हणाले. "तुला दिसायला नको होतं."

"बाबा, तुम्हाला प्लॉटर एवढा हवा होता, तर नुसतं सांगायचं ना मला."

बाबांनी पहिल्यांदा मान वर केली. "मला? मला काय करायचाय? माझी वर्तुळं त्याच्याहून बरी येतात."

"म्हणजे?"

"म्हणजे ते यंत्र मला कचेरीतही आवडलं नव्हतं. ते आल्यावर आमच्यातले चौघे कायमचे घरी गेले. भंगारात जाताना बघवलं नाही म्हणून आणलं, इतकंच. मी हातानेच काढतो. तू गेलीस की गॅलरीत, मांडीवर फळी घेऊन. टेबल कुठे मोकळं आहे?" ते उठले, कपाटामागे हात घातला आणि कागदांची एक जाड गुंडाळी बाहेर ओढली. आसपासच्या गल्ल्या, जिने, नळाच्या वाहिन्या, समोरच्या इमारतीच्या सगळ्या खिडक्या. काळ्या शाईत, हाताने. कुठेही फट नव्हती.

भिंगरीने एक कागद सवयीने उजेडाकडे धरला आणि मग खाली ठेवला. "मग हे सगळं कुणासाठी चाललं होतं?"

"तुझ्यासाठी. त्या ड्रायव्हरच्या पहिल्याच ओळीत तुझं नाव आहे. ड्रायव्हर गेला की नाव जाणार. मी लोकांना दाखवतो ते."

"कुणाला?"

"दाखवतो. केस कापणाऱ्याला दाखवलं."

"म्हणजे केस कापून झाले?" आई म्हणाली. "मला वाटलं, पुढच्या आवृत्तीत होते."

"मी तो तुमच्यासाठी ठेवला होता," भिंगरी म्हणाली. "तुम्हाला काम राहावं म्हणून. मला कॅमेऱ्यांचा विभाग देतायत, तो मी याच्यापायी अडवून ठेवलाय."

"त्यात नाव येतं?"

"प्रत्येक कॅमेऱ्यागणिक."

बाबा विचारात पडले. बहुधा केस कापणाऱ्याला पुन्हा जाऊन दाखवायला किती दिवस वाट बघावी लागेल याचा हिशेब करत असावेत. भिंगरी आईकडे वळली.

"आई, तुला माहीत होतं?"

"टेबल रोज कोण पुसतं? रोज हिरवी भुकटी निघते. मला काय वाटणार, यंत्राला बुरशी आली?"

"मग बोलली का नाहीस?"

"कुठे बोलू? तक्रार नोंदवायची सोय तुम्हा दोघांनाच आहे." आईने ताटं आणखी जवळ ओढली. "माझी तक्रार या टेबलाची आहे आणि ती तुमच्या त्या संकेतस्थळाहून जुनी आहे."

बाबांनी प्लॉटरकडे पाहिलं. मग मुलीकडे. "अर्थात, तुला ठेवायचा असेल तर माझी हरकत नाही."

"तुम्हाला ठेवायचा असेल तर माझीही नाही."

"मला तसं काही..."

"तुमच्या मनात असेल तर..."

"एकाने कुणीतरी बोला," आई म्हणाली. "जेवण निवतंय. त्या झाडूला काय सांगायचं ते ठरवा, नाहीतर मी सांगते त्याला. माझी माफी मागणारी माणसं आहेत तिथे."

बाबांनी हळूच घसा साफ केला. "पुढच्या आवृत्तीत बघितलं तर..."

भिंगरीने हात लांब करून प्लॉटरच्या पेन धरणाऱ्या पाळण्यातलं हिरवं पेन काढलं, त्याला टोपण लावलं आणि बाबांच्या डाव्या हाताशी ठेवलं.

"नाही बाबा," ती म्हणाली. "याच आवृत्तीत. ड्रायव्हर मी काढून टाकतेय."