राणीच्या तोंडचं बोलणं

जलजाक्षीचा नवरा तिच्यापेक्षा देखणा होता, आणि त्यात काही विशेष नव्हतं. कुंदापूरच्या त्या पट्ट्यात देखणे नवरे पुष्कळ. जलजेचं दुखणं वेगळंच होतं. तिचा नवरा तिच्यापेक्षा देखणी बाई होता.

उपेंद्र देवाडिग यक्षगानाच्या मेळ्यात स्त्रीवेष करायचा. दिवाळी सरली की मेळा बाहेर पडे, तो पत्तनाजेच्या सणाला, पावसाच्या तोंडावर, पायातले चाळ सोडूनच परत येई. मधले सगळे महिने रोज नवं गाव आणि रोज राणी. पदर सावरत तो रंगस्थळावर आला की बायका माना उंच करकरून बघत आणि दुसऱ्या दिवशी विड्या वळायची पानं आणायला गेलेल्या जलजेला ऐकवत, "काय गं ती तुझी सवत! चाल बघितलीस तिची? जरा शीक की तिच्याकडनं." जलजा सगळ्यांबरोबर हसे. घरी आली की आरशापुढं तसाच पदर घेऊन बघे, आणि आपण सुपात उरलेल्या फाटक्या पानासारख्या दिसतो असं तिला वाटे.

सासू गेल्यापासून घरात ती एकटीच होती. मांडीवर सूप घेऊन विड्या वळायच्या आणि संध्याकाळच्या फोनची वाट बघायची. रंग लावायला बसण्याआधी तो फोन करी.

"जेवलीस?"

"जेवले. तुम्ही?"

"झालं."

मग ती विचारी, आणि विचारता विचारता तिला स्वतःचाच राग येई. "आठवण येते का हो माझी?"

"प्राणसखी!" तो राजाचा आवाज काढी. "तुझ्यावाचून हे राज्य मला अरण्य आहे!" मागं कुणीतरी खो खो हसे आणि फोन बंद होई.

गोड बोलण्याची त्याच्याकडे ददात नव्हती. गावोगावची माणसं त्याचं बोलणं ऐकायला चटया टाकून बसत. हिला हवा होता एक साधा शब्द, आणि नेमका तोच त्याच्याकडे नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मग ती त्याच्या परीक्षा घेई. कधी फोन नुसता वाजू देई, बघू पुन्हा करतो का. कधी तो एखाद्या दिवसाच्या सुट्टीवर आला की मोगऱ्याचा भरघोस गजरा माळून त्याच्या पुढं पुढं करी, बघू दिसतं का. परीक्षा ती घ्यायची आणि नापासही तीच व्हायची.

संक्रांतीच्या सुमाराला तो असाच एक दिवस घरी आला. दुपारी पेज आणि सुक्या बांगड्याची चटणी वाढताना जलजेच्या तोंडून निघून गेलं, "तुम्ही नसता तेव्हा मी दोन ताटं घेते. चुकून नाही हो, मुद्दाम. मग एक परत ठेवताना लाज वाटते. घरात बघणारं कुणी नसतं, तरी."

उपेंद्रनं घास चावला. खाली बघत म्हणाला, "पेजेत मीठ कमी आहे." जेवून भिंतीकडे तोंड करून झोपला आणि संध्याकाळच्या बसनं गेला. चारचौघांत पदर सुटावा तशी जलजा त्या दिवशी ओशाळली. यापुढं असलं काही बोलायचं नाही, असं तिनं स्वतःला बजावलं.

पुढं शेजारच्या गिरिजक्कानं नवसाचा खेळ ठेवला. मुलगा दुबईला लागला तर मेळा नाचवीन असं ती बोलली होती. मुलगा लागला आणि मेळा गावात आला. उन्हं उतरायला लागल्यावर गिरिजक्का जलजेला ओढतच घेऊन गेली. "नवऱ्याचा खेळ आणि तू विड्या वळत बसणार? चल, पुढच्या चटईवर बसू."

राजा लढाईवर गेला आहे आणि राणी त्याची वाट बघते आहे, असा प्रसंग होता. यक्षगानात पद भागवत, म्हणजे मेळ्याचा गायक, म्हणतो, पण पदानंतरचं बोलणं कुणी लिहून देत नाही. ते नटानं तिथल्या तिथं आपल्या मनचं बोलायचं. चेंड्यांचा, त्या उभ्या ढोलांचा, ताल थांबला. विजयी होऊन आलेल्या राजासमोर राणी उभी राहिली. लाल ओठ, काजळ, कपाळावर मोती. जलजेला नेहमीसारखं वाटलं की या बाईपुढं आपण कोण.

राणी म्हणाली, "महाराज, मी रोज दोन ताटं घेत होते. चुकून नव्हे, मुद्दाम. आणि त्यातलं एक परत ठेवताना मला लाज वाटायची. महालात बघणारं कुणी नसायचं, तरी."

राजानं पुढं होऊन, तिचे हात हातात घेऊन उत्तर दिलं. मागं कुणीतरी नाक ओढलं. गिरिजक्कानं डोळ्यांना पदर लावला आणि जलजेच्या मांडीला चिमटा काढला. "बाईचं मन कळावं तर असं! नशीबवान गं तू!"

जलजेला आधी राग आला, इतका की कानशिलं तापली. आपलं उरातलं काढून यानं बाजारात मांडलं. मग तिच्या लक्षात आलं की त्यानं ऐकलं होतं. मीठ कमी म्हणताना, भिंतीकडे तोंड करून झोपताना त्यानं एकूण एक शब्द ऐकला होता. आता रडावं की उठून जावं, ते तिला कळेना. आजूबाजूला इतकी माणसं तिच्यासाठी रडत होती आणि त्यांना ते ठाऊक नव्हतं.

खेळ संपल्यावर ती मागं चौकीत, रंग लावायच्या जागी गेली. उपेंद्र खोबरेल लावून चेहरा पुसत होता. चेंडेवाला तिला बघून हसला. "अक्का, ऐकलंत? हे ताटाचं बोलणं संक्रांतीपासून चालू आहे. गावोगाव रडवलंय यांनी." आणि तो चेंडे उचलून बसकडे गेला.

गावोगाव. फक्त घरी नाही.

"कसं झालं?" उपेंद्रनं विचारलं. अर्धा चेहरा राणीचा, अर्धा त्याचा. "सांग ना. बरी दिसले ना? मेळ्यात नवा पोरगा आलाय, गोरापान. पुढच्या वर्षी राणी त्यालाच देतील म्हणतात."

हा आवाज जलजेच्या ओळखीचा होता. रोज संध्याकाळी फोनवर तिचा स्वतःचा आवाज असाच निघे. तिला त्याची फार दया आली. फार छान झालं म्हणावं, त्याला कुरवाळावं आणि घरी जावं, असं जिभेवर आलं होतं. पण आज तिनं ते गिळलं.

"बोलणं चांगलं होतं," ती म्हणाली. "माझं होतं."

त्याचं फडकं गालावरच थांबलं.

"राजानं उत्तरही छान दिलं. राणीला उत्तर मिळालं. मला कळलं की पेजेत मीठ कमी आहे."

"प्रिये..." त्यानं सवयीनं हात उचलला.

"हात खाली घ्या."

त्यानं हात खाली घेतला. प्रसंग कुठलाही असो, त्याला कधी शब्द कमी पडले नव्हते. आता तो तेलकट फडकं नुसतं चुरगळत राहिला. मग म्हणाला, "तिथं पुढं माणसं असतात, मागं चेंडे असतात. घरी तू एकटीच बघत असतेस. मला भीती वाटते गं."

"माझी?"

"वेष नसला की मी कसा असतो, ते मलाच माहीत नाही."

"मला तरी कुठं माहीत आहे? तेच बघायला थांबते ना मी." तिचा आवाज फाटला. त्याला जवळ घ्यावंसं तिला इतकं वाटलं की हात दुखले. बाहेर बसचा हॉर्न वाजत होता. "ऐका. फोनवर मी आता विचारणार नाही. सांगायचं असेल तर तुम्ही सांगायचं."

"आणि सुचलं नाही तर?"

"तर गप्प बसा. पण फोन ठेवायचा नाही."

दुसऱ्या दिवशी फोन ठरल्या वेळी आला. जलजेनं तो कानाशी धरला, मान तिरकी करून खांद्यात दाबला आणि विडी वळायला घेतली.

"जेवलीस?"

"जेवले. तुम्ही?"

"झालं."

मग काही नाही. प्रश्न तिच्या ओठांशी आला, रोजच्यासारखाच. तिनं दोरा गुंडाळला, दातानं तोडला, दुसरं पान घेतलं. पलीकडे त्याचा श्वास ऐकू येत होता. त्यानं घसा खाकरला. कुणीतरी ओरडलं, "उपेंद्रण्णा, रंगाला बसा, उशीर झाला!"

तो बोलला नाही. त्यानं फोनही ठेवला नाही.