करवतकाठी जॅकेट

ज्यांना खोटं वाटेल त्यांनी सक्करदरा तलावावरच्या बगळ्यांना विचारावं. ते अजूनही उमरेड रोडकडे पाठ करून बसतात. उजेड म्हटला की त्यांना धडकी भरते, आणि त्याला कारण आमच्या गल्लीतली गोपिकाबाई. मी सांगतो त्यात तिखटमीठ माझं असेल, पण भाजी तिचीच आहे.

तिचा नवरा चंद्रभान, जातीचा विणकर. त्याचा माग, त्याची मोटरसायकल आणि त्याची बायको या तिघांनी जन्मभर त्याच्याशी खटखट केली आणि तिघांवरही त्याचा जीव. मागच्या हिवाळ्यात, दिवेलागणीच्या वेळी, तो सुताचं गाठोडं बांधून उमरेड रोडनं घरी येत होता. तिथं कृष्णकांतचं लग्नाचं लॉन आहे. कृष्णकांतची गाडी केवढी, तर तिच्या सावलीत दोन ऑटो उभे राहावेत. टपावर पांढऱ्या दिव्यांची रांग अशी, की समोरून येणाऱ्याला आपले मेलेले आजोबा दिसावेत. ती गाडी फाटकातून सरळ रस्त्यावर आली आणि चंद्रभानच्या उजव्या पायावरून गेली. त्याच पायानं तो मागाची पावडी दाबायचा आणि त्याच पायानं गाडीला किक मारायचा.

कृष्णकांत उतरला. आधी त्यानं आपला बंपर पाहिला, मग चंद्रभानला.

"दिसलाच नाही ना बाप्पा!" तो गर्दीला म्हणाला. "काळी गाडी, काळं हेल्मेट, काळं जॅकेट. असा अंधार अंगावर घालून कोणी फिरते काय?"

"हाव ना," गर्दी म्हणाली. "काळं काहून घालता गा?"

झालं! पाय मोडला माणसाचा आणि गुन्हेगार ठरलं जॅकेट. ते जॅकेट मळखाऊ म्हणून गोपिकाबाईनंच आणलेलं. तिच्या काळजात काय झालं असेल ते तुम्हीच समजा.

चंद्रभान खाटेवर पडला तो भिंतीकडे तोंड करून. एका संध्याकाळी म्हणाला, "गोपिके, पायाचं मले काही नाही वं. पण त्यानं मले पाहिलं होतं. फाटकातून निघताना डोळ्याले डोळा भिडला होता. मी त्याले दिसलो होतो. आता गावभर मीच आंधळा आन् मीच काळा."

"मंग त्याच्याच तोंडून वदवते," गोपिकाबाई म्हणाली. "चार लोकांत. नाही वदवलं तर हा माग चुलीत घालजो."

पंचावन्न वर्षांची बाई. जन्मभर मोटरसायकलच्या मागच्या सीटवर बसलेली. पण मागं बसून नवऱ्याच्या चुका काढता काढता तिला गाडी पाठच झाली होती. नऊवारीचा कासोटा आवळला, किक मारली आणि निघाली. आमच्या गल्लीतल्या कुत्र्यांनी त्या दिवशी भुंकणं सोडून रस्ता सोडला.

आधी तिनं न्यायानं वागून पाहिलं. जरीपटक्याच्या बाजारातून चमकत्या पट्ट्यांचं केशरी बंडी-जॅकेट आणलं, पांढरं हेल्मेट आणलं आणि लॉनसमोरून निघाली. कृष्णकांतनं गाडी अशी घासून नेली की तिच्या हँडलचा आरसा त्याच्या दाराला लटकून गेला.

"दिसली नाही वं बाई!" तो काचेतून ओरडला. "मले वाटलं, रस्त्याचं काम चालू आहे!"

दुसऱ्या खेपेला तिनं पोपटी घातलं. असं पोपटी, की पाहणाऱ्याच्या दाढा आंबाव्यात. त्यानं तिला नालीत उतरवलं. "मले वाटलं, पालकाची जुडी पडली!"

तिसऱ्या खेपेला तिनं अंगभर लुकलुकते दिवे गुंडाळले. त्यानं तिला पानठेल्यात घुसवलं. "माझं लॉन आहे बाप्पा, रोजच लायटिंग राहते. लायटिंगकडे कोण पाहते?" पानठेल्यावरचे लोक हसले. ते हसू तिनं पदराच्या गाठीला बांधून घरी आणलं.

"काय झालं?" चंद्रभाननं भिंतीकडे पाहतच विचारलं.

"समजलं मले," ती म्हणाली. "त्या मेल्याले दुसऱ्याचं काहीच दिसत नाही, फक्त सोताचं दिसते. मंग सोताचंच दाखवू ना त्याले."

त्या केशरी बंडीची पट्टी तिनं नखानं उसवून पाहिली होती. त्या सुताची खोड तिच्या ध्यानात आली होती. बाकीचं कापड उजेड पडला की इकडेतिकडे सांडतं. हे सूत उजेड जिथून आला तिथंच, त्याच वाटेनं परत धाडतं. तसल्या सुताची रिळं तिनं आणली आणि पाय मोडल्यापासून गप्प पडलेल्या मागावर चढवली. काठ घेतला करवतीचा. आपल्या नागपुरी लुगड्याचा तो दातेरी काठ तुम्ही पाहिलाच असेल. गोपिकाबाईनं मात्र अख्खं जॅकेटच काठाचं केलं, काठाला काठ लागून.

खाटेवरून चंद्रभान पहिल्यांदा भिंतीकडून वळला. "दात बारीक घे. अजून बारीक वं. लुगड्याचे दात शोभेचे राहतात, हे चावाचे आहेत."

"चावतीन," ती म्हणाली आणि धोटा असा फेकला की भिंतीवरची पाल दुसऱ्या घरी राहायला गेली.

जॅकेट झालं त्या दिवशी मी तिथं होतो. माझ्याच हातात टॉर्च होता, सेल मरायला टेकलेले. जॅकेटवर मारला तर उजेड इतका परत आला की सेल भरून ताजे झाले. तो टॉर्च मी अजून वापरतो. शेजारचा कोंबडा तीनदा आरवला आणि चूक कळल्यावर लाजून आठवडाभर खुराड्यात बसला.

मग ती कन्हानच्या पुलापर्यंत जाऊन आली, अंदाज घ्यायला. ज्यांनी दिवे खाली केले त्यांना दिसली एक बाई, अंगावर मंद चांदणं, आणि तिला जागा देऊन ते गेले. एका ट्रकवाल्यानं मात्र अप्पर मारला. त्याचा उजेड त्याच्याच केबिनमध्ये शिरला आणि सीटखाली दिवाळीपासून हरवलेली चप्पल त्याला सापडली. तो बिचारा हात जोडून गेला. जॅकेटचा नेम एकच होता. जेवढं द्याल तेवढंच परत, आणि नुसत्या उजेडाशी त्याचं वैर नव्हतं.

आता मुहूर्ताची गोष्ट. कृष्णकांतच्या लॉनवर कोणा बड्या घरचं लग्न होतं. दिवेलागणीची तीच वेळ, तेच फाटक. गोपिकाबाई जॅकेट घालून, मोटरसायकलवर, रस्त्याच्या डाव्या बाजूनं शिस्तीत चाललेली. कृष्णकांत मागून आला आणि त्यानं हॉर्न असा दाबला की मंडपातल्या भटजींचा मंत्र चुकला.

ती हटली नाही.

त्यानं अप्पर मारला. उजेड गेला, जॅकेटला लागला आणि वळून आला तो थेट त्याच्या बुबुळात.

"अबे!" म्हणत त्यानं काय करावं? दिवे खाली करावेत की नाही? पण ज्याला सगळ्यांनी वाट द्यायची सवय, त्याला खाली करणं ठाऊकच नसतं. त्यानं टपावरची रांग पेटवली. रांगही परत आली. त्यानं धुक्याचे दिवे लावले. तेही आले, धुकं घेऊन. गाडीत इतका उजेड साठला की काळ्या काचा पांढऱ्या पडल्या, मिशीचा कलप उडून मिशी पांढरी झाली, आणि डॅशबोर्डवर चिकटवलेल्या फोटोत त्याचे स्वतःचेच डोळे मिटले. तलावावरचे बगळे दिवस उगवला समजून उडाले आणि एकमेकांवर आदळले.

गाडी वळली. कुठं? त्याच्याच फाटकातून आत. कमान घेतली, फुलांची झालर घेतली, कारंज्याची टाकी फोडली आणि मठ्ठ्याच्या पिंपात नाक खुपसून थांबली. माणसं आधीच बाजूला झाली होती, गाडीची ओळख सगळ्यांनाच होती. कृष्णकांत दार उघडून चाचपडत बाहेर आला, मठ्ठ्यानं माखलेला, डोळ्यांवर हात.

"काय झालं शेठ?" नवरदेवाच्या बापानं विचारलं. "कोणी दिसलं नाही काय?"

"दिसली ना! ती बाई! समोर, मागं, सगळीकडे तीच दिसून राहिली!"

तोवर गोपिकाबाई शांतपणे आत आली होती. गाडी स्टँडवर लावली आणि गायक मंडळींच्या हातातला माईक मागून घेतला.

"भाऊ," ती माईकवर म्हणाली, "मी दिसली म्हणता. ठीक आहे. चंद्रभान दिसला होता का?"

"कोण चंद्रभान?"

"काळं जॅकेट. उजवा पाय."

तिनं माईक त्याच्या तोंडाशी धरला. सहाशे पाहुणे हातात प्लेट घेऊन उभे. जिलबी तळणाराही झारा वर धरून थांबला.

"काढ ना वं ते जॅकेट," तो कळवळला. "डोळे मिटले तरी आत दिसून राहिलं. करवत चालून राहिली डोळ्यात."

"आधी सांग."

"दिसला होता!" तो किंचाळला, आणि लॉनच्या चारही कर्ण्यांतून ते उमरेड रोडवर गेलं. "दिसला होता ना! चांगला दिसला होता! मले वाटलं, मोटरसायकलवाला आहे, हटून जाईन! आता काढ बाई ते जॅकेट!"

"कोणतं जॅकेट?" गोपिकाबाई म्हणाली. "ते तर मी फाटकातच काढून डिक्कीत ठेवलं."

आणि खरंच, तिच्या अंगावर साधी नऊवारी होती.

कृष्णकांतला सगळीकडे ते जॅकेट किती दिवस दिसलं, त्याचा हिशेब मी ठेवला नाही. विजेच्या खांबालाही तो वाट द्यायचा एवढं ठाऊक आहे. टपावरची रांग त्यानं स्वतः पान्यानं खोलून काढली. पण गोपिकाबाईचं तेवढ्यानं पोट भरलं नव्हतं. तिनं चंद्रभानची खुर्ची लॉनच्या फाटकासमोर नेऊन टाकली. आता तो रोज दिवेलागणीला तिथं बसतो, अंगात तेच मळखाऊ काळं जॅकेट, मांडीवर काळं हेल्मेट. कृष्णकांतची गाडी फाटकाशी येते, दिवे खाली करते, थांबते. काच उतरते.

"दिसला भाऊ, दिसला," आतून आवाज येतो.

चंद्रभान कानाशी हात नेतो. "मोठ्यानं म्हण गा. मागच्या गाड्याईले ऐकू नाही आलं."