बोसॉन त्याचे, फर्मिऑन तिचे

नवराबायको एकाच विभागात, एकाच मॅडमच्या हाताखाली संशोधन करायचे. मॅडमनी गणितातले बोसॉनी ऑपरेटर त्याला दिले, फर्मिऑनी तिला. त्यांच्या सुपरसिमेट्रिक गेज सिद्धांतात ऑपरेटर बोसॉन-फर्मिऑन अशी मिश्र कुटुंबं करून राहतात. क्वांटम परिणामांमुळे प्रत्येकाच्या मितीत थोडी भर पडते, आणि एका कुटुंबात ती सगळ्यांची सारखीच असते. म्हणजे त्या भरीचे दोघांचे आकडे जुळायलाच हवे होते.

जुळले नाहीत. त्याला आठ आले, तिला पाच.

"तुझं चिन्ह चुकलंय कुठेतरी," तो म्हणाला.

"आधी स्वतःचं तपास."

झालं, अबोला! निरोप सासूबाईंमार्फत जाऊ लागले.

"सूनबाई, तो विचारतोय, ट्रेस नीट घेतलास का?"

"त्याला सांगा, मी सगळं नीटच घेते."

शेवटी सासूबाई वैतागल्या. "अगं, दोघंही साडेसहा धरा आणि जेवायला या!"

दोघांनी असे डोळे वटारले की त्या गुपचूप ताटं मांडायला गेल्या.

मॅडमकडे अंतिम आकडे द्यायची वेळ आली. त्याने विचार केला, संसार मोठा की ऑपरेटर? आणि मुकाट्याने पाच लिहिले. तिनेही नेमका तोच विचार करून आठ लिहिले.

मॅडमनी चष्मा कपाळावर चढवला. "परवा बोसॉन आठ होते, फर्मिऑन पाच. आज उलटं?"

"चूक माझीच होती," दोघं एका सुरात म्हणाली.

"कुठल्या ओळीत?"

दोघांनी एकमेकांच्या कागदावरचा आकडा डोकावून पाहिला. मग तिला हसू आवरेना.

मॅडमना मात्र हसू आलं नाही. त्यांनी जुने कागद मागवले, बराच वेळ चाळले आणि कपाळाला हात लावला. तिथे सुरुवातीला अगदी सारखी दिसणारी दोन कुटुंबं होती, एक आठवालं, एक पाचवालं. दोघांच्याही गणितात दोन्ही उत्तरं आली होती. त्याने पाच फालतू म्हणून खोडले होते, तिने आठ.

"म्हणजे तुमचं खरंही बरोबर आणि लबाडीही बरोबर," मॅडम कडाडल्या. "आता दोन्ही नीट सिद्ध करून आणा!"

घरी सासूबाईंनी विचारलं, "कोण जिंकलं?"

"मॅडम," सून म्हणाली.

जेवणं उरकून दोघं एकाच टेबलाशी बसली आणि खोडरबर कुणी पळवला यावरून कडाकडा भांडू लागली.