खोडलेली ओळ

दुसऱ्याच्या मुलाचं कौतुक ऐकताना आपल्या चेहऱ्यावरचं हसू किती वेळ टिकतं? भिंगरीच्या आईचं बरोबर दोन पानं टिकलं. कारण तिच्या पुतणीनं लिहिलेलं परीक्षण दोन पानांचं होतं.

दर रविवारी मोठ्या जाऊबाईंच्या घरी सगळे वाचनाला जमत. आठवडाभरात प्रत्येकानं एक पुस्तक वाचायचं आणि ते कसं वाटलं ते सांगायचं, हा आजोबांनी घालून दिलेला नियम. पुतणी अकरा वर्षांची, शाळेत जाणारी. ती उभी राहून खणखणीत वाचे. लेखकाची शैली, पात्रांची जडणघडण, सगळं. भिंगरी आठ वर्षांची. ती शाळेत जात नव्हती, घरीच आईजवळ शिकत होती. त्या दिवशी तिनं सोफ्यावर मांडी घालून तीन ओळी वाचल्या, 'हत्ती खरा वाटतो. पण शेवटी तो सगळ्यांना फार पटकन माफ करतो. मी दोन दिवस तरी घेतले असते.'

सगळे हसले.

"गोड लिहिते गं," जाऊबाई म्हणाल्या. "पण शाळेत असती ना, तर बाईंनी दहा ओळी लिहून घेतल्याच असत्या. तू एकटी कुठे कुठे पुरणार?"

आजोबांनी चष्मा पुसला. "वर्ष संपेपर्यंत बघू. नाही जमलं तर शाळा आहेच."

भिंगरीची आई चहाचे कप गोळा करून आत गेली. त्यातला एक जरा जोरातच ठेवला गेला.

"ती अकराची, आपली आठची," जिना उतरताना भिंगरीचे बाबा म्हणाले. "उगाच पोटात दुखून घेऊ नकोस."

"माझ्या पोटात काहीही दुखत नाहीये," ती म्हणाली आणि दोन पायऱ्या एकदम उतरली.

पण दुखत होतं. भाजी चिरताना दुखत होतं, कपडे वाळत घालताना दुखत होतं. पुतणी वाईट असती तर बरं झालं असतं. पण ती मुलगी खरंच हुशार होती, वर स्वभावानं गोड होती. अशा मुलीचा हेवा करणं म्हणजे स्वतःच्याच नजरेतून उतरणं. तरी तो होत होता.

भिंगरीची आई मुद्रितशोधक होती. छापखान्यातून आलेली कच्ची पानं ती घरी तपासायची. जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला तिची पानं आणि लाल पेन, दुसऱ्या टोकाला भिंगरीच्या वह्या. मुळाक्षरांच्या आधी पोरीला आईच्या खुणा यायला लागल्या, असं बाबा म्हणत. शब्दावर शेपटीवाली रेघ म्हणजे 'काढा'. खोडलेल्या शब्दाखाली टिंबं म्हणजे 'चुकून खोडलं, राहू द्या'.

गल्लीच्या तोंडाशी एक लहानसं वाचनालय होतं. तिथली एक पद्धत भिंगरीला फार आवडे. पुस्तक परत करताना मुलांनी शेवटच्या पानावर एक चिठ्ठी चिकटवायची, पुढे वाचणाऱ्यासाठी. भिंगरी आधी वहीत लिही आणि मग चिठ्ठीवर उतरवून काढी. त्या आठवड्यात तिनं होडीवाल्याच्या कुत्र्याची गोष्ट वाचली होती. तिनं लिहिलं, 'कुत्रा खूप छान आहे. पण बेचाळीस पानावर तो मरतो. ज्याचा कुत्रा आत्ताच मेलाय त्याने हे आत्ता वाचू नये. बाकीच्यांनी आईजवळ बसून वाचावे.'

आईनं वही ओढून घेतली. लाल पेन हातात होतंच.

"शेवट कधी सांगतात का कुणी?" तिनं सगळ्यावर रेघ मारली आणि खाली स्वतः लिहिलं, 'सदर पुस्तक अत्यंत वाचनीय असून मानव व प्राणी यांच्यातील अतूट नात्याचे हृद्य दर्शन घडवते. आबालवृद्धांनी ते अवश्य वाचावे.'

"आई, सदर म्हणजे?"

"सदर म्हणजे हे. चिठ्ठीवर हेच उतरव."

"पण बेचाळीस पानाचं सांगायलाच तर चिठ्ठी असते ना?"

"भिंगरी, मी सांगते तसं कर."

भिंगरीनं तसं केलं. रविवारी तेच वाचूनही दाखवलं. आजोबांनी मान डोलावली. "वा, भाषा सुधारली की." जाऊबाईंच्या भुवया किंचित वर गेल्या. त्या वर गेलेल्या भुवया आईला आठवडाभर पुरल्या.

पंधरा दिवसांनी दोघी वाचनालयात गेल्या तेव्हा ग्रंथपालबाई टेबलावर पुस्तकांच्या कडांना डिंक लावत होत्या. त्यांनी हात पुसले आणि होडीवाल्याच्या कुत्र्याचं पुस्तक समोर ठेवलं.

"भिंगरी, शिलाईवाल्या काकूंची पिटुकली माहितीये ना तुला?"

भिंगरीला माहीत होती. सहा वर्षांची पिटुकली फक्त भिंगरीताईच्या चिठ्ठ्या बघून पुस्तकं न्यायची.

"तिचा कुत्रा मागच्या महिन्यात गाडीखाली गेला. तुझी चिठ्ठी वाचून घेऊन गेली हे. मशीनच्या मागे बसून एकटीनं वाचलं. बेचाळीस पानापर्यंत. दोन दिवस जेवली नाही. पुस्तक आईच्या हाती परत पाठवलंय. भिंगरीताईवर आता भरवसा नाही म्हणते."

भिंगरीचा चेहरा उतरला. तिनं आईकडे बघितलं नाही. फरशीकडे बघत ती हळूच म्हणाली, "मी लिहायला विसरले."

आठ वर्षांची मुलगी आईला पाठीशी घालत होती! आणि आई, जिच्या नजरेतून दुसऱ्यांच्या पानांतली वेलांटीसुद्धा सुटत नसे, ती गप्प उभी होती.

भिंगरी कपाटांकडे गेली तशा बाई म्हणाल्या, "आठ वर्षांची मुलगी 'सदर' लिहीत नाही हो."

"मी लिहिलं," आईच्या तोंडून कसंबसं निघालं. "तिचं मी खोडलं. आमच्या पुतणीचं परीक्षण ऐकायला हवं तुम्ही, काय भाषा असते तिची. सगळे म्हणतात हिला घरी ठेवून वाया घालवतेय मी. मला दाखवायचं होतं त्यांना."

"कुणाला दाखवायचं होतं? पिटुकलीला?"

बाईंनी पुस्तकाचं शेवटचं पान उघडून चिठ्ठीवर बोट ठेवलं.

"हे बघा, चिठ्ठी म्हणजे निबंध नव्हे. पुढे गेलेल्यानं मागून येणाऱ्याला मारलेली हाक आहे ती. इथे खड्डा आहे, जपून ये. तुमच्या मुलीनं हाक मारली होती. तुम्हाला ती पुरेशी ऐटदार वाटली नाही."

"पण त्या चार ओळींत लोकांना काय दिसणार?"

"लोकांचं राहू द्या. पिटुकलीला दिसलं असतं."

"राहू द्या," आईनं मनातल्या मनात म्हटलं. घरी येऊन तिनं वही उघडली. लाल रेघेखाली भिंगरीचं गोल गोल अक्षर अजून वाचता येत होतं. तिनं पेन घेतलं आणि खोडलेल्या प्रत्येक शब्दाखाली टिंबं दिली. भिंगरी खांद्यावरून बघत होती. तिला काही समजावून सांगावं लागलं नाही.

मग दोघी शिलाईवाल्या काकूंच्या दुकानात गेल्या. मशीनच्या मागे पिटुकली गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. आई तिच्यासमोर फरशीवरच बसली.

"भिंगरीताईनं खरं लिहिलं होतं. हे बघ. मी खोडलं. चूक माझी आहे."

पिटुकलीनं वही बराच वेळ बघितली. मग विचारलं, "काकू, तुम्हाला कुणी ओरडलं का?"

"हो. वाचनालयाच्या बाई."

"बरं झालं," पिटुकली म्हणाली.

रविवारी आजोबांनी विचारायच्या आत आईच बोलली. कुत्र्याच्या पुस्तकाचं ते परीक्षण आपलं होतं, हेव्यापोटी लिहिलेलं, हे तिनं सांगितलं. कान तापले होते, पण सांगितलं. मग भिंगरीनं आपल्या खऱ्या ओळी वाचल्या. या वेळी कुणी हसलं नाही. पुतणी म्हणाली, "काकू, मी पण हिच्याच चिठ्ठ्या बघून पुस्तकं घेते. माझं परीक्षण ऐकून अजून कुणी पुस्तक मागितलेलं नाही." जाऊबाई चहाच्या कपात बघत राहिल्या. आजोबा म्हणाले, "शाळेचा विषय आता राहू दे."

महिन्याभरानं वाचनालयात ते पुस्तक पुन्हा भिंगरीच्या आईच्या हाती आलं. शेवटच्या पानावर 'सदर'च्या जागी आता भिंगरीची चिठ्ठी होती आणि तिच्याखाली एक नवी, वाकडी. 'बेचाळीसवर रडु येते. त्रेचाळीसवर कमी येते. मी आईजवळ बसुन वाचले.'

'रडु' ऱ्हस्व. 'बसुन' ऱ्हस्व. आईचा हात सवयीनं पेनाकडे गेला आणि तिथेच थांबला.

वाचकहो, आपण सगळेच मुलांचं लिहिलेलं सुधारतो, आणि ते योग्यच आहे. पण पेन उचलण्यापूर्वी क्षणभर स्वतःला विचारावं, हे मी लेकरासाठी करतेय की शेजारच्या खुर्चीवर बसलेल्यासाठी? हेव्यानं उचललेलं पेन चूक खोडत नाही, मूल खोडतं.

तिनं पुस्तक मिटलं आणि तसंच कपाटात ठेवलं, पिटुकलीच्या उंचीच्या फळीवर.