माऊस उलटा धरायचा

माझ्या मेहुण्याच्या कीबोर्डचं एंटर दर तीन महिन्यांनी फुटतं. तो दुकानांच्या पाट्या आणि व्हिजिटिंग कार्डं करून देतो. टाइप करतो दोन बोटांनी, आणि ओळ संपली की हात खांद्यापर्यंत उचलून, मधलं बोट वाकवून एंटरवर असा काही आपटतो की समोरचं गिऱ्हाईक दचकतं. मी कॉम्प्युटर दुरुस्त करतो. एंटर बदलून देताना दर वेळी त्याला म्हणतो, "अरे, दार ठोठावतोयस का?" तो हसतो. त्याला सगळ्याचंच हसू येतं.

माझी मुलगी, तिला आम्ही मुंगी म्हणतो, शाळा सुटली की या मामाच्याच दुकानात बसते. दुकान शाळेला लागून आहे. तिची आई दवाखान्यातून साडेपाचला सुटते, मी सातला. तिथे बसायचं, अभ्यास करायचा, कॉम्प्युटरला हात लावायचा नाही, असं ठरलेलं होतं. दहा वर्षं पूर्ण झाल्याशिवाय नाही म्हणजे नाही.

हे दहाचं मी ठरवलं.

"दहाच का?" बायकोने विचारलं होतं. "तिच्या वर्गातल्या सगळ्यांना येतं."

"त्या सगळ्यांना मी रोज बघतो. मशीन दोन दिवस ठेवून जा म्हटलं की माझ्या टेबलासमोर भोकाड पसरतात. आधी मशीन उघडायचं, आत काय आहे ते बघायचं, मग चालवायचं. त्याला हाताला समज यावी लागते."

"आणि शिकवणार कोण?"

"कोण म्हणजे? मीच."

"अहो, मग सरळ तसं सांगा ना," ती म्हणाली.

खरं तेच होतं. पोहायला मुंगीला आईने शिकवलं, सायकल शेजारच्या ताईने, दोन बोटं तोंडात घालून शिट्टी वाजवायला मामाने. मला या जगात एकच गोष्ट धड येते आणि ती तिला पहिल्यांदा मीच दाखवणार होतो. माझ्या दुकानाच्या माळ्यावर तिच्यासाठी एक जुनं मशीन ठेवलं होतं, सगळे स्क्रू साफ करून, सोबत लहान मुठीचा स्क्रूड्रायव्हर. अधूनमधून वर जाऊन मी त्याच्यावरची धूळ झटकून यायचो.

तिच्या दहाव्या वाढदिवसाला तीन आठवडे असताना मेहुण्याचं मशीन बंद पडलं. "दाजी, नुसतं चालू करून द्या," तो म्हणाला. "आतलं काही गेलं तरी चालेल."

आतलं गेलेलं मला चालत नाही. मी आधी फाइली वाचवतो, पुसलेल्यासुद्धा, आणि नीट वाचल्या की नाही ते चार-दोन उघडून बघतो. पुसलेल्यांमध्ये एक चित्र निघालं. लाल घर, भिंतीपेक्षा दार मोठं. तसलं घर मुंगी काढते. चित्राची तारीख दीड वर्षापूर्वीची होती.

मग मी चार-दोनवर थांबलो नाही. एकशे बारा चित्रं होती. पाढे होते, शेजारच्या कुत्र्यावर एक गोष्ट होती, मामासाठी केलेलं कार्ड होतं. माझं अंग जळत होतं. ज्या माणसाला पेन ड्राइव्ह तिसऱ्या खेपेला सुलटी घालता येते, त्याने माझ्या मुलीला शिकवलं! आणि ती शिकली, मजेत शिकली, माझ्याशिवाय तिचं काही अडलं नाही. बायकोला हे माहीत होतं का, ते मी विचारलं नाही. ती हो म्हणाली असती तर मला कुठे तोंड लपवावं कळलं नसतं.

शेवटची फाइल आठवड्यापूर्वीची होती.

"वाढदिवसाला काय करायचं. १. माऊस उलटा धरायचा. २. हे काय आहे असं विचारायचं. ३. अक्षरं खूप वेळ शोधायची. ४. बाबा सांगेल ते पहिल्यांदाच ऐकतेय असं ऐकायचं. ५. मामाचं नाव काढायचं नाही, बाबाला वाईट वाटेल."

मशीन न्यायला मेहुणा आला. "सगळं मिळालं का, दाजी?"

"सगळं," मी म्हणालो.

त्याचा चेहरा उतरला. त्या दिवशी तो हसला नाही, आणि मीही दार ठोठावण्याचं काही बोललो नाही.

वाढदिवसाच्या सकाळी मुंगीला माझ्या दुकानात आणलं. जुनं मशीन टेबलावर मांडून ठेवलं होतं. ठरल्याप्रमाणे आधी उघडायचं होतं, पण माझ्या डोक्यात ती यादी होती. मी मशीन सुरूच करून दिलं आणि माऊस तिच्यापुढे सरकवला.

तिने माऊस उलटा धरला. "बाबा, हे काय आहे?"

मी सांगितलं. मग वाकड्यात शिरलो आणि मुद्दाम चुकीचं सांगू लागलो. माऊस जोरात दाबला की अक्षर मोठं येतं, म्हटलं. वाटलं, आता तरी म्हणेल, बाबा, काहीतरीच काय! ती डोळे मोठे करून "हो?" म्हणाली आणि सगळा जोर लावून माऊस दाबत बसली. नखं पांढरी पडली तिची. मला स्वतःची लाज वाटली, पण हेवा काही गेला नाही.

"राहू दे," मी म्हणालो. "तुझं नाव लिही."

ती एकेक अक्षर शोधत राहिली. 'म' दोनदा डोळ्यांसमोरून जाऊ दिला. नाव पुरं झालं, आणि हात खांद्यापर्यंत वर गेला, मधलं बोट वाकलं, एंटरवर दाणकन आपटलं.

एंटरचं यादीत काही नव्हतं.

"अगं, दार ठोठावतेयस का?" माझ्या तोंडून निघून गेलं.

मामाला मी म्हणतो ते हे वाक्य तिने कितीदा तरी ऐकलेलं. तिने हात मांडीवर ठेवले. "तुला कधीपासून माहितीये?"

"तीन आठवडे."

"मग तूपण नाटक करत होतास?"

"हो."

ती रडेल असं वाटलं होतं. तिने नाक पुसलं आणि स्क्रूड्रायव्हर उचलून बघितला. "हे उघडता येतं? मामाला नाही येत. तो घाबरतो."

मला फार बरं वाटलं. इतकं वाटायला नको होतं. मी मशीन बंद केलं, वायर काढली, पहिला स्क्रू कुठे असतो ते दाखवलं. तिने जीभ बाहेर काढून तो फिरवला. लहान मूठ तिच्या हाताला नेमकी बसली. झाकण निघालं, आणि आतलं ती खरोखर पहिल्यांदाच बघत होती.

"बाबा," जरा वेळाने ती म्हणाली, "हे मी आज संध्याकाळी मामाला शिकवते."

मी दुसरा स्क्रू दाखवला. म्हटलं, "शिकव."