नजरेखाली चालणारा प्रोग्राम

माझ्या घरात माझ्या शब्दावाचून पान हलत नाही, हे मुलुंडच्या आमच्या सोसायटीत सर्वांना ठाऊक आहे. त्या दुपारी मात्र माझी नात दीप्ती जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून रडवेली बसली होती, आणि मला तिच्यासाठी काहीही करता येत नव्हते.

तिची नोकरी अद्याप कायम झालेली नव्हती. चार वाजता तिचे साहेब, सुबोध, कार्यालयातून तिचा प्रोग्राम चालवून पाहणार होते. तो बंद पडला तर नोकरी जाणार होती. रुग्णालयात रुग्णांना नावाने पुकारण्याचे त्याचे काम. एक भाग नाव लिहून ठेवी, दुसरा ते घेऊन पुकारी.

"आजी, बघ. असाच सुरू केला की मरतो. डीबगरखाली लावला की शहाण्यासारखा चालतो."

"डीबगर म्हणजे कोण?"

"प्रोग्रामवर नजर ठेवतो. पावलापावलाला अडवून विचारतो, काय करतोयस?"

"म्हणजे मीच की."

"तू परवडलीस गं," ती डोळे पुसत म्हणाली.

"मग त्याला वेळही माझ्यासारखाच लागत असणार. मी ओट्याशी उभी असले की तुझी आई उकड झाकून मुरू देते. मी वळले की घाई करते, आणि मोदक फुटतात. माझ्या डोळ्यांत जादू नाही. उशीर होतो, एवढेच."

दीप्ती माझ्याकडे पाहतच राहिली. "यार, आजी! पुकारणारा भाग घाई करतोय. नाव लिहून व्हायच्या आत घ्यायला जातो, हाती काही लागत नाही, आणि मरतो. डीबगर त्याला रखडवतो म्हणून निभावतं."

"मग त्याला थांबायला सांग."

"किती वेळ? खरं तर लिहिणाऱ्यानेच 'झालं' म्हणून कळवायला हवं. तो भाग माझ्या टीममधल्या प्रीतमचा, मला हात लावायची परवानगी नाही. आणि तो गणपतीला देवगडला गेलाय."

"फोन लाव."

तिने लावला, पुन्हा लावला. घरात गणपती असताना कोकणातला माणूस ऑफिसचा फोन उचलत नाही. आमच्यातलाही कोणी उचलत नाही.

शेवटी तिने पुकारणाऱ्या भागाला क्षणभर थांबायला लावले. "जुगाड आहे," ती म्हणाली. पण लॅपटॉपवर प्रोग्राम डीबगरशिवाय चालला. मी देवापुढे साखर ठेवली.

चार वाजता साहेब पडद्यावर आले. त्यांनी कार्यालयातल्या यंत्रावर ढीगभर नावे एकदम सोडली. त्या गर्दीत लिहिणारा भाग मागे पडला, क्षणभराचे थांबणे पुरले नाही, आणि प्रोग्राम मेला.

"सर, डीबगरखाली लावून बघा ना. चालतो."

"दीप्ती, रुग्णालयात डीबगर घेऊन कोण बसणार? तू?"

मी उठले. अशा माणसांना दोन शब्द सुनावण्याची मला सवय आहे. दीप्तीने मान न वळवता हात आडवा केला. या घरात मला असे कोणी कधी अडवलेले नव्हते. मी जागीच उभी राहिले.

"एचआरचा मेल येईल," साहेब म्हणाले, आणि पडदा काळा झाला.

"मला बोलू द्यायचे होतेस."

"काय बोलली असतीस, आजी?"

तिने प्रोग्राम पुन्हा डीबगरखाली लावला. नावे एकामागून एक बिनचूक पुकारली जाऊ लागली. मी खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले.